भांड्यावर कोरलेलं नाव

[दृश्य : डॉर्टमुंड शहरातला फीनिक्स तलाव. काठावर फिरायला आलेली माणसं.]

हा तलाव जुना नाही. जर्मनीतल्या या शहरात, याच जागी, पोलादाचा कारखाना होता. २००१ मध्ये तो बंद झाला. मग चिनी कामगार आले. त्यांनी यंत्रं सुटी केली, जहाजांत भरली आणि चीनला नेली. उरलेल्या जमिनीवर पुढे खोदकाम झालं आणि २०१० मध्ये त्यात पाणी सोडलं गेलं.

कारखाना गेला तो साऱ्या गावाला दिसला. माहिती जाते ती कुणालाच दिसत नाही. फाइल आपल्या कॉम्प्युटरवर जिथल्या तिथे असते, आणि तिची नक्कल चार हात फिरून आलेली असते.

याच डॉर्टमुंडमध्ये फ्राउनहोफर या संशोधन संस्थेची सॉफ्टवेअरवर काम करणारी एक शाखा आहे. तिथल्या लोकांनी एक प्रश्न हाती घेतला. कंपन्यांनी एकमेकांना माहिती द्यावी, पण देताना तिच्यावरचा आपला ताबा सुटू नये, हे जमवायचं कसं? २०१६ मध्ये त्यासाठी कंपन्यांची संघटना उभी राहिली. आज तिचं नाव इंटरनॅशनल डेटा स्पेसेस असोसिएशन.

[दृश्य : पितळी पातेल्याचा काठ. टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, अगदी जवळून.]

आपल्याकडे लग्नघरी शेजारपाजारची भांडी मागून आणत. पातेलं कुणाच्याही चुलीवर चढो, काठाशी नाव कोरलेलं असे. पंगती उठल्या, भांडी घासली, की नाव वाचून ज्याचं त्याच्या घरी. माहितीवर असं नाव कोरता येईल का? आणि नावासोबत अटही?

[दृश्य : चाकण. फोर्जिंगच्या भट्टीतून निघालेला लालभडक तुकडा.]

युरोपातल्या गाड्यांना लागणारे कितीतरी सुटे भाग पुणे परिसरात बनतात. आता तिकडून विचारणा होते : हा एक भाग बनवताना हवेत कार्बन किती सुटला? उत्तर द्यायचं तर वीज किती लागली, स्टील कुठून आलं, स्क्रॅप किती निघाला, सगळं मांडावं लागतं. इथेच हात अडखळतो. हेच आकडे गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाच्या हाती लागले तर? एवढी वीज, एवढा स्क्रॅप, म्हणजे तुमचा खर्च एवढा. मग दर एवढा का? ही भीती खोटी नाही. तिला जुनाट विचार म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे. ज्या व्यवस्थेत या भीतीला उत्तर नाही, तिथे कुणी खरे आकडे देणार नाही, ठोकताळे देईल.

डेटा स्पेस, म्हणजे आपापल्या अटींवर माहिती देण्याघेण्याची सामाईक व्यवस्था. तिची रचना या उत्तराभोवती आहे. मधोमध मोठं गोदाम नाही. माहिती ज्याची त्याच्या घरीच राहते. प्रत्येक कंपनीच्या दारात कनेक्टर नावाचं सॉफ्टवेअर असतं. ते आधी फक्त यादी दाखवतं : आमच्याकडे काय काय आहे. मागणारा कोण, हे प्रमाणपत्रावरून तपासलं जातं. मग अटी ठरतात, त्याही यंत्राला वाचता येतील अशा भाषेत. फक्त कार्बनच्या हिशेबासाठी. तीस दिवसांनी पुसायचं. तिसऱ्याला द्यायचं नाही. करार जुळला तरच माहिती दारातून बाहेर पडते, आणि ती कधी, कुणाकडे गेली याची नोंद ठेवता येते.

या सगळ्याचा आराखडा म्हणजे रेफरन्स आर्किटेक्चर मॉडेल. त्यात पाच थर आहेत : व्यवसाय, कार्य, प्रक्रिया, माहिती आणि यंत्रणा. पण मला त्यांपेक्षा मोलाच्या वाटतात त्या पाचही थरांना छेदून जाणाऱ्या तीन बाबी : सुरक्षा, प्रमाणन आणि कारभाराचे नियम. कारण थर कागदावर आखता येतात. विश्वास कुणीतरी तपासून द्यावा लागतो.

आणि तपासायला हवंच. पातेल्याची नक्कल होत नाही, माहितीची होते. पडद्यावर आकडा दिसला की कुणीही त्याचा फोटो काढू शकतं. तिथे सॉफ्टवेअरचे हात पोचत नाहीत. म्हणून समोरचा कनेक्टर कोणत्या कसोटीला उतरलेला आहे, हे महत्त्वाचं. जर्मनीत २०२० मध्ये मानकं ठरवणाऱ्या डीआयएन या संस्थेच्या ‘डीआयएन स्पेक २७०७०’ या दस्तऐवजात अशा कसोट्या नोंदल्या गेल्या. त्यापलीकडे मोडलेल्या कराराला कायदाच लागतो.

[दृश्य : गाड्यांची जुळणी करणारी लांबलचक लाइन.]

वाहन उद्योगाने हे प्रत्यक्षात आणायला घेतलं. २०२१ मध्ये कॅटेना-एक्स हे वाहन उद्योगाचं डेटा स्पेस स्थापन झालं, २०२३ मध्ये कामाला लागलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांशी बोलावेत म्हणून सामाईक प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचे ठरलेले नियम, तेही तयार झाले. आता घाई आहे ती बॅटरीची. १८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपात इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार. त्यातली माहिती खाणीपासून गाडीपर्यंत अनेक हातांतून गोळा व्हायची आहे. त्या साखळीत वीस माणसांचा कारखानाही असू शकतो, आणि कनेक्टरचा खर्च त्याच्या डोक्यावर पडता कामा नये. भाड्याने मिळणारे कनेक्टर आहेत. ते त्याला परवडायला हवेत आणि त्यातल्या अटी त्याला स्वतःच्या भाषेत वाचता यायला हव्यात.

[दृश्य : भोसरी, रात्रपाळी. प्रेसच्या आवाजात एक छोटी केबिन. एक्सेलमध्ये ‘स्क्रॅप टक्के’ हा रकाना, अजून रिकामा. शेजारच्या खिडकीत तीन प्रश्न : कशासाठी? किती दिवस? पुढे कुणाला?]

तिसऱ्या प्रश्नापुढे मालक टाइप करतो : कुणालाही नाही. मग रकान्याकडे वळतो आणि खरा आकडा भरतो.