सेल बघतो, हात चालवतो

श्रोतेहो, नमस्कार.

माळा आवरायला काढला की जुन्या पेटीतून हमखास एक रोलचा कॅमेरा निघतो. चामड्याच्या कव्हरात, पट्टा कडक झालेला. आणि घरातलं कुणीतरी लगेच विचारतं, "याला सेल कुठला लागतो?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की सेल नसला तर या कॅमेऱ्याचं नेमकं काय अडतं?

कारण कॅमेऱ्यात दोन कामं असतात. एक बघण्याचं, म्हणजे उजेड मोजण्याचं. दुसरं चालवण्याचं, म्हणजे शटर उघडण्याचं आणि मिटण्याचं. तुमच्या कॅमेऱ्यात सेल यांतलं कुठलं काम करतो, ते आधी ओळखायचं. पुन्हा सांगतो, सेल बघतो की चालवतो, एवढंच ओळखायचं.

पेंटॅक्स के १००० घ्या. १९७६ पासून १९९७ पर्यंत हा कॅमेरा बनत होता. अंगठ्याने लिव्हर ओढला की रोल एक घर पुढे जातो आणि त्याच ओढीत आतल्या स्प्रिंगा ताणल्या जातात. बटण दाबलं की त्याच स्प्रिंगा शटरचा पडदा पळवतात. एका सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सगळे वेग त्या अंगठ्याच्या जोरावर. सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलवतो. सेल संपला तर कॅमेरा आंधळा होतो, लंगडा होत नाही.

यशिका इलेक्ट्रो ३५ ची गोष्ट वेगळी. सेल नसला तरी बटण दाबलं जातं, 'खट्' आवाजही येतो. पण शटर एकाच वेगाने चालतं, सेकंदाच्या पाचशेव्या भागाने. भर दुपारी निभावेल. संध्याकाळच्या समारंभात अख्ख्या रोलचे फोटो काळे येतील, आणि रोल धुऊन येईपर्यंत कळणारही नाही.

आणि कॅनन एई-१. इथे सेल गेला की सगळंच ठप्प, शटर सुटतच नाही. असे धडधाकट कॅमेरे 'बिघडलाय' म्हणून लोक कवडीमोलाने देऊन टाकतात. सहा व्होल्टचा एक छोटा सेल घालून बघा आधी, मग काय विकायचं ते विका.

ओळखायची सोपी रीत आहे. रोल नाही ना, याची खात्री करा. सेल काढा. मागचं दार उघडा, वेगाची चकती एकावर ठेवा, लिव्हर ओढा आणि बटण दाबा. पडदा उघडून एक सेकंद थांबला आणि मग मिटला, तर तुमचा कॅमेरा हातावर चालणारा.

आता सेल. के १००० च्या तळाला नाण्याने फिरणारं झाकण आहे, त्यात एलआर ४४ हा बटण सेल बसतो. त्याच मापाचा एसआर ४४ मिळाला तर तो घ्या. तो सिल्व्हर ऑक्साइडचा असतो आणि शेवटपर्यंत व्होल्टेज सहसा ढळू देत नाही. साधा अल्कलाइन हळूहळू उतरत जातो, आणि त्याच्याबरोबर मीटरही खोटं बोलायला लागतो. या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर टोपी लावली की अंधार झाला, मीटर झोपला. टोपी न लावता कॅमेरा टेबलावर ठेवलात तर सेल पीत राहतो. म्हणून टोपी लावा. लेन्ससाठी लावाच, पण सेलसाठीही लावा.

झाकण उघडल्यावर आत पांढरा-हिरवा थर दिसला तर घाबरू नका. अल्कलाइन सेल फुटून क्षार बाहेर आलेला असतो. इअर बड व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून नीट पिळा आणि थर पुसा. थोडं फसफसेल. मग कोरडा बड, मग स्पिरिटचा बड, आणि तासभर उघडं ठेवा. ओघळ आत जाऊ द्यायचा नाही, कॅमेरा उलटा धरायचा. पॉलिश पेपर लावू नका, पत्र्यावरचा मुलामा निघून जातो आणि मग गंज कायमचा मुक्कामाला येतो.

काही कॅमेऱ्यांना, ऑलिंपस ओएम-१ सारख्यांना, पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा ६२५ नंबरचा सेल लागायचा. पाऱ्यामुळे ते सेल बाजारातून गेले. तिथे दीड व्होल्टचा सेल घातला तर काटा उड्या मारतो, उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि तुम्ही त्याचं ऐकलंत की फोटो अंधारे येतात. यावर उपाय कानाच्या मशीनच्या दुकानात आहे. ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, साधारण १.४ व्होल्टचा. तो आकाराने लहान असल्यामुळे भोवती रबराची बारीक रिंग घालावी लागते. वरचं स्टिकर काढलं की हवा लागून तो जागा होतो, आणि मग वापरा अगर न वापरा, काही महिन्यांत संपतो. स्वस्त आहे, तक्रार करू नये.

चामड्याच्या कव्हराबद्दलही सांगतो. देखणं असतं, मान्य. पण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा त्यात कोंडून ठेवणं म्हणजे लेन्सवर बुरशीची लागवड करणं. चामडं ओल धरतं. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कव्हर बाहेर, शोकेसमध्ये. शोकेसचा तेवढाच उपयोग.

हात चालवतो म्हटलं, आणि हातावर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा विषय निघाला की दादासाहेब फाळक्यांच्या वाटाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुष्कळांनी ऐकली असेल. पण त्यातलं गणित क्वचित सांगतात.

साल १९१२. फाळके विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले. १ फेब्रुवारीला निघाले आणि एप्रिलच्या सुरुवातीला परतले. तिथे खरेदी केली ती विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, पन्नास पौंडांचा, आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची. हा कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी. सेल नाही, वायर नाही, मोटर नाही. बाजूला एक हँडल.

हँडलची एक फेरी म्हणजे आठ चित्रं, त्या काळी ही सर्वसाधारण रीत होती. सेकंदाला दोन फेऱ्या म्हणजे सोळा चित्रं. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात चित्रंही सोळाच बसतात. म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म. लक्षात ठेवायला किती सोपं! दोन फेऱ्या, सोळा चित्रं, एक फूट, एक सेकंद. पण हात एकसारखा फिरला पाहिजे. हात मंदावला तर प्रत्येक चित्राला उजेड जास्त मिळतो, चित्र भगभगीत होतं, आणि पडद्यावर माणसं तुरुतुरु पळतात. जुने कॅमेरामन मनात चाल गुणगुणायचे किंवा आकडे मोजायचे, ते याचसाठी.

तर कॅमेरा आला, पण चित्रपट काढायला भांडवल हवं. पैसेवाल्यांना पटवायचं कसं? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोवला. महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची चित्रं घेतली आणि मिनिटाभराची फिल्म केली. बी रुजतंय, कोंब वर येतोय, वेल चढतोय, सगळं एका मिनिटात. 'अंकुराची वाढ'.

ही गोष्ट सांगताना पुष्कळ जण म्हणतात, "फाळके रोज एक चित्र घ्यायचे." ऐकायला गोड वाटतं. पण हिशेब करा. रोज एक, तर महिन्याची चित्रं तीस. सेकंदाला सोळा या वेगाने तीस चित्रं दोन सेकंदांतही संपतात! पडद्यावर काहीतरी हललं एवढंच कळेल. मिनिटभराला चित्रं लागतात साठ गुणिले सोळा, नऊशे साठ. महिन्याच्या तीस दिवसांत वाटली तर रोजची बत्तीस. उजेडाचे बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. म्हणजे दिवसभर त्या कुंडीपाशी पहारा. गोष्ट 'रोज एक' म्हणून छोटी होते, श्रोतेहो. बत्तीस म्हटलं की माणूस दिसायला लागतो.

आणि प्रत्येक चित्र घ्यायचं कसं? एका फेरीत आठ चित्रं, म्हणजे एका चित्राला फेरीचा आठवा हिस्सा. त्या काळच्या काही कॅमेऱ्यांना हँडल बसवायची दुसरी जागा असायची, तिथे एका फेरीला एकच चित्र. कसंही करा, थांबताना शटर मिटलेलं असलं पाहिजे. ते किंचित उघडं राहिलं की खिडकीतली फिल्म पुढची वीस मिनिटं उजेड खात बसते आणि जळते. मध्ये कुणी कुंडी हलवायची नाही. कॅमेऱ्याच्या पायाला धक्का लागता कामा नये. कुंडी बोटभर सरकली तर पडद्यावर वेल टुणकन उडी मारतो. घरात लहान मुलं असताना महिनाभर हे सांभाळायचं!

बरं, फिल्म तरी तयार होती का? नाही. ती विनाभोकांची यायची. एका चित्राला प्रत्येक कडेला चार भोकं, म्हणजे एका फुटाला एका कडेची चौसष्ट. ही भोकं अंधारातच पाडावी लागत, आणि ते काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. दिवसा एवढ्या मोठ्या घराचा स्वयंपाक, रात्री अंधारात भोकं. वाटाण्याच्या त्या मिनिटभराला साठ फूट फिल्म लागते, म्हणजे एका कडेला तीन हजार आठशे चाळीस भोकं. भोक तिरपं पडलं तर कॅमेऱ्याचा दात घसरतो आणि चित्र थरथरतं. चित्रपटसृष्टीच्या जनकाचे पुतळे होतात, टपाल तिकिटं निघतात. त्या भोकांचं एखादं तिकीट निघायला हवं होतं. असो, विषय कॅमेऱ्याचा आहे.

ती फिल्म बघितल्यावर पैसा उभा राहू लागला, सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. लांबी सुमारे तीन हजार सातशे फूट. कॅमेऱ्यावर होते त्र्यंबक तेलंग, त्यांना हँडल फिरवायला फाळक्यांनीच शिकवलं होतं. एका फुटाला दोन फेऱ्या, म्हणजे फक्त पडद्यावर दिसलेल्या भागासाठी हँडलच्या सात हजार चारशे फेऱ्या! कापून टाकलेल्या फिल्मच्या वेगळ्या.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा रोल भरणं भराभर सांगतो. ऊन अंगावर घेऊन दार उघडू नका, सावलीत भरा. रिवाइंडची मूठ वर ओढली की के १००० चं दार उघडतं. रोल डावीकडे ठेवा, मूठ खाली दाबा, फिल्मची जीभ उजव्या रिळाच्या फटीत खोचा. वरच्या आणि खालच्या दोन्ही भोकांत दात बसलेले दिसेपर्यंत लिव्हर ओढा. मग दार लावा आणि दोन फोटो फुकट सोडा. आता महत्त्वाचं. लिव्हर ओढताना डावीकडची मूठ उलटी फिरते का ते बघा. फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही, आणि तुम्ही छत्तीस वेळा हवेचे फोटो काढणार आहात. मूठ फिरली पाहिजे. पुन्हा सांगतो, मूठ फिरली पाहिजे.

रोलवर २०० लिहिलं असेल, म्हणजे फिल्म उजेडाला किती तेज आहे तो आकडा, तर वेगाच्या चकतीची बाहेरची कड उचलून फिरवा आणि खिडकीत २०० आणा. सेल नसेल तर कडक उन्हात वेग सेकंदाच्या दोनशे पन्नासाव्या भागावर आणि लेन्स एफ १६ वर ठेवा. एफचा आकडा लेन्सच्या भोकाचा, आकडा लहान तितकं भोक मोठं. विरळ ढग असतील तर एफ ११, आभाळ भरलं तर एफ ८, झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत एफ ४. शंका आली तर एक घर जास्त उघडा. निगेटिव्ह रोलला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी पडलेला चालत नाही.

रोल संपत आला की लिव्हर मध्येच अडतो. तिथे जोर लावायचा नाही. तळाचं छोटं बटण दाबा, मुठीतलं हँडल उघडून बाणाच्या दिशेने फिरवा. जड लागेल, मग एकदम हलकं होईल. आणखी दोन-चार फेऱ्या द्या आणि मग दार उघडा. जोर लावून फिल्म तुटलीच, तर दार उघडू नका. रात्री दिवे घालवा, जाड गोधडी अंगावरून ओढून घ्या, आत चाचपून फिल्म काढा आणि झाकणाच्या काळ्या डबीत गुंडाळून ठेवा. डबीवर मोठ्या अक्षरात लिहा, 'उघडू नये, आत सुटी फिल्म आहे.' स्टुडिओवाल्यालाही तोंडी सांगा, चिठ्ठ्या सगळेच वाचतात असं नाही.

नमस्कार.