मान्यता एका हातानं देता येत नाही

[दृश्य : आई आणि खुर्चीत बसवलेलं बाळ, समोरासमोर]

बाळाला अजून बोलता येत नाही. पण पाहा, त्यानं बोट दाखवलं की आई तिकडे बघते. ते हसलं की आई हसते. आता आई क्षणभर मान फिरवते आणि पुन्हा समोर बघते, ती चेहरा अगदी कोरा ठेवून. जागची हललेली नाही. बाळाकडेच बघतेय.

बाळ आधी हसून पाहतं. मग बोट दाखवतं. मग दोन्ही हात पुढे करतं.

[निवेदन थांबेल. बाळाचा आवाज तसाच ठेवावा.]

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात हा प्रयोग केला. बाळाला भूक लागलेली नाही, कुठे दुखतखुपत नाही. समोरचं माणूस आपली दखल घेईना, एवढंच घडलंय. आणि तेवढ्यानं त्याचा धीर सुटला. समोरच्यानं माणूस म्हणून आपली दखल घेणं, यालाच तत्त्वज्ञ ‘मान्यता’ म्हणतात.

[दृश्य : येना शहर, जुन्या गल्ल्या]

हे जर्मनीतलं येना. इथल्या विद्यापीठात तत्त्वज्ञ योहान फिख्टे शिकवत होते. १७९६ मध्ये त्यांनी एक प्रश्न विचारला : मी स्वतंत्र आहे, मला निवड करता येते, हे माणसाला कळतं तरी कसं? त्यांचं उत्तर असं की दुसऱ्या स्वतंत्र माणसानं हाक दिली म्हणजे कळतं. हाक देणारा ढकलत नाही, फरफटत नेत नाही. तो विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. हो म्हणायचं की नाही, हे तुझ्या हाती आहे, असं त्या थांबण्यातूनच तो सांगत असतो. ज्याला हाक आली, त्यानंही हाक देणाऱ्याला तसंच वागवायचं. हक्कांची सगळी मांडणी फिख्टेंनी या पायावर उभी केली. त्यांच्यानंतरचे जर्मन तत्त्वज्ञ हेगेल यांच्या नावाखाली त्यांचं हे श्रेय झाकलं जातं, म्हणून ते इथे आधी सांगायलाच हवं.

[दृश्य : हेगेलचं चित्र, मग लढाईची चित्रं]

ऑक्टोबर १८०६. नेपोलियनची फौज येनात शिरली आहे. १३ तारखेला छत्तीस वर्षांचे हेगेल घोड्यावरून जाणाऱ्या सम्राटाला पाहतात आणि मित्राला तसं पत्रानं कळवतात. दुसऱ्या दिवशी शहराबाहेर लढाई होते. हेगेलना मात्र वेगळाच घोर लागलेला : छपाईसाठी बांबर्ग शहरी पाठवलेली आपल्या ग्रंथाची पानं या धामधुमीत गहाळ तर होणार नाहीत? ती पोहोचली. १८०७ मध्ये ग्रंथ निघाला. त्यातली मालक आणि दास यांच्याबद्दलची मोजकी पानं आजही जगभर वाचली जातात.

गोष्ट अशी. दोघं समोरासमोर येतात. ‘मला मान’ हा दोघांचाही हट्ट. झुंज होते, अगदी जिवावर उदार होऊन. एकाला मरणाची भीती वाटते आणि तो माघार घेतो. तो झाला दास, दुसरा झाला मालक.

आता मालकाला हवं ते मिळालं का? समोरचा रोज मान तुकवतो. पण मालकानं त्याला माणसात धरलेलंच नाही. मग त्याच्या मान तुकवण्याची किंमत ती काय? ज्याच्या मताला आपण कवडीमोल ठरवलं, त्याच्याकडून आलेली दाद आपल्याला पुरत नाही. मालक जिंकून अडकला. दास इकडे राबतो, वस्तू घडवतो, आणि आपल्या हातची वस्तू समोर उभी राहिली की त्याला स्वतःची ओळख पटू लागते. मान्यता खरी ठरायची तर ती दोन्हीकडून यावी लागते, हे हेगेलनी इतक्या कठोरपणे दाखवलं की वरून टाकलेल्या दयेला, उपकाराच्या आदराला तिथे जागाच उरत नाही.

१९५२ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्टिनीक बेटावरचे विचारवंत फ्रान्झ फॅनन यांनी यावर बोट ठेवलं : वसाहतीतल्या गोऱ्या मालकाला दासाकडून मान्यता नकोच असते, त्याला हवं असतं काम.

[दृश्य : मेम्फिस, १९६८. फलक घेतलेली रांग, शेजारी संगिनी रोखलेले सैनिक]

फलकावर चारच इंग्रजी शब्द आहेत : ‘मी माणूस आहे’. त्यातल्या ‘आहे’खाली जाड रेघ ओढलेली दिसते. प्रत्येकाच्या हाती तोच फलक.

हे अमेरिकेतल्या मेम्फिसचे सफाई कामगार. जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. नातवंडं असलेल्या माणसालाही इथे ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारली जायची. १ फेब्रुवारीला पावसापासून आडोसा म्हणून दोन कामगार कचरागाडीत शिरले, आणि कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. १२ तारखेला सुमारे १,३०० जणांनी काम थांबवलं. पगारवाढ हवी होती, सुरक्षित गाड्या हव्या होत्या, आणि युनियनला मान्यता हवी होती. महापौर ती द्यायला तयार नव्हते.

जर्मन तत्त्वज्ञ अ‍ॅक्सेल होनेथ यांनी १९९२ मध्ये मान्यतेची तीन रूपं मांडली : जवळच्यांचं प्रेम, कायद्यानं समान हक्क, आणि कामाची कदर. त्यातलं एक जरी नाकारलं गेलं तरी माणसाचं स्वतःशी असलेलं नातं दुखावतं, आणि त्या दुखावण्यातून लढे उभे राहतात. अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी त्यांना अडवलं : सगळं मान्यतेत बसवलं तर पगाराचा, वाटपाचा प्रश्न मागे पडेल. मेम्फिसच्या मागण्यांत मात्र दोन्ही एकाच कागदावर होते.

[दृश्य : मोर्चा, चेहरे]

४ एप्रिलला याच शहरात, संपाला पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. १६ एप्रिलला करार झाला, युनियनला मान्यता मिळाली, पगार वाढले. काही महिन्यांनी, दिलेला शब्द शहरानं पाळावा म्हणून, युनियनला पुन्हा संपाचा इशारा द्यावा लागला.