नऊ तुकड्यांची चिप

[दृश्य: कामाचं टेबल. चिपवरचं धातूचं झाकण उचललं जातं.]

हे झाकण सहजासहजी सुटत नाही. खालचं सोल्डर तापवून पातळ करावं लागतं आणि मग हात न थरथरता ते उचलावं लागतं. आता आत बघा. मधोमध एक मोठा लांबट तुकडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार लहान. बाहेरून अखंड दिसणारी ही चिप आत नऊ तुकड्यांची आहे. सर्व्हरसाठीची, म्हणजे डेटा सेंटरमधल्या संगणकांसाठीची, एएमडी कंपनीची ही चिप: एपिक, दुसरी पिढी, टोपणनाव रोम. ऑगस्ट 2019 मध्ये ती बाजारात आली. कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे भाग, 64. सॉकेटमध्ये तिला भिडणाऱ्या पिना 4094.

[दृश्य: जुनी चिप, तळहातावर.]

ही तिची पूर्वज, 2003 सालची ऑप्टेरॉन. तेव्हा इंटेल आणि एचपी सर्व्हरसाठी इटॅनियम नावाची संपूर्ण नवी वाट पाडत होते. त्या वाटेवर जुने प्रोग्रॅम रखडत चालायचे. एएमडीनं एक्स-86 या जुन्या प्रोग्रॅमांना कळणाऱ्या चिपच्या भाषेलाच 64 बिटांची, म्हणजे जास्त मेमरी हाताळायची, जोड दिली, म्हणजे घरातलं काही फेकायला नको. पुढच्याच वर्षी इंटेलच्या झिऑन या सर्व्हर चिपमध्येही ती जोड आली. काही वर्षं एएमडीचे दिवस चांगले गेले. मग 2011 ची बुलडोझर रचना फसली आणि सर्व्हरच्या बाजारात कंपनीचं नाव जवळजवळ पुसलं गेलं. चिप छापायचे कारखाने तर 2009 मध्येच वेगळे काढले होते. 2013 मध्ये ऑस्टिनमधलं स्वतःचं आवार विकून तिथंच भाडेकरू म्हणून राहायची वेळ आली. 2014 च्या ऑक्टोबरात लिसा सू यांनी सूत्रं हाती घेतली, तेव्हा मायकेल क्लार्क यांच्या चमूचं झेन या नव्या कोअरवर काम सुरू होतं. कोअर चांगला होत होता. पण इंटेलसारखी अवाढव्य चिप छापायला पैसा कुठून आणायचा?

[दृश्य: वेफर, जवळून. प्रकाश फिरतो तसे रंग बदलतात.]

उत्तर या चकतीत आहे. वेफर म्हणतात हिला. व्यास 300 मिलिमीटर, साधारण जेवणाच्या ताटाएवढी. हिच्यावर शेकडो टप्प्यांत नक्षी छापली जाते आणि कितीही जपलं तरी कुठे ना कुठे दोष राहतोच. समजा, चकतीवर दहा ठिकाणी दोष आहेत. चिप मोठ्या असतील तर चकतीवर मोजक्याच मावतात, आणि त्यातल्या दहापर्यंत हातच्या जाऊ शकतात. त्याच चकतीवर शेकडो लहान तुकडे छापले, तरी वाया जाणारे जास्तीत जास्त दहाच. कलिंगड आतून नासकं निघालं की सगळंच टाकावं लागतं. संत्र्याची एक फोड खराब निघाली तर बाकीचं संत्रं खाता येतं.

एएमडीनं आपला हिशोब पुढे जाहीर केला, आणि तो मला फार आवडतो. 32 कोअरची एकसंध चिप केली असती तर ती सुमारे 777 चौरस मिलिमीटरची झाली असती. चार तुकडे करून जोडल्यावर एकूण सिलिकॉन उलट वाढलं, 852 झालं, कारण तुकड्यांना एकमेकांशी बोलायला जास्तीची जागा लागते. तरीही खर्च आला एकसंध चिपच्या सुमारे 59 टक्केच.

[दृश्य: पहिली एपिक, झाकण काढलेली. चार चौकोन.]

तीच ही पहिली एपिक. नेपल्स, जून 2017. तिच्यात उणीव होती. एका तुकड्याला दुसऱ्याच्या ताब्यातल्या मेमरीतून काही हवं असलं, की वेळ जायचा. इंटेलनं त्या उन्हाळ्यातल्या सादरीकरणात हिणवलं, हे तर डेस्कटॉपचे चार तुकडे डिंकानं चिकटवलेत.

मेमरीची तक्रार खोटी नव्हती. म्हणून रोममध्ये मांडणीच बदलली. मेमरीचा आणि बाहेरच्या देवाणघेवाणीचा सगळा कारभार मधल्या मोठ्या तुकड्याकडे दिला. मेमरीपर्यंतच्या तारा हाताळणारा हा भाग बारीक केला तरी फारसा लहान होत नाही, मग त्यावर महागडी छपाई कशाला? तो ग्लोबलफाउंड्रीज या चिप छापणाऱ्या कंपनीच्या जुन्या, स्वस्त 14 नॅनोमीटर प्रक्रियेत छापला; हा आकडा जितका लहान, तितकी नक्षी बारीक. आठ लहान तुकडे, ज्यांत खरी आकडेमोड होते, ते तेवढे तैवानच्या टीएसएमसीकडे 7 नॅनोमीटरमध्ये. प्रत्येकी सुमारे 74 चौरस मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढे.

[दृश्य: झिऑन, झाकण काढलेली.]

आणि ही इंटेलची झिऑन, सफायर रॅपिड्स, जानेवारी 2023. मोजा. चार तुकडे. मधल्या काळात इंटेलची 10 नॅनोमीटर प्रक्रिया वर्षानुवर्षं रखडली होती आणि सर्व्हरपर्यंत पोचायला 2021 चा एप्रिल उजाडला. 2024 मध्ये इंटेलनं सुमारे 15 हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली.

[दृश्य: ऐरोली-महापे रस्ता. खिडक्या नसलेल्या इमारती, गच्चीवर कूलिंगची यंत्रं.]

नवी मुंबईतल्या या डेटा सेंटरांसारख्या इमारतींत हे सगळं अखेर येऊन बसतं. आता मोठे ग्राहकही स्वतःची चिप आखतात. ॲमेझॉननं 2018 मध्ये आर्म कंपनीनं आखलेल्या कोअरवर ग्रॅव्हिटॉन आणली. ती सुटी विकत मिळत नाही, म्हणून इथे दाखवता येत नाही. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टची कोबाल्ट आली, गूगलची ॲक्सिऑन आली. वीज आणि पाणी किती लागतं, ते या गच्च्यांकडे बघून लक्षात येईल.

[दृश्य: परम 8000 चं छायाचित्र. मग चिपचा आराखडा.]

पुण्यात सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेनं 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला. जोडणी आपली होती, पण आतल्या चिप ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर होत्या.

हा आराखडा त्याच सी-डॅकच्या औम प्रोसेसरचा. कोअर आर्मचे, छपाई टीएसएमसीच्या 5 नॅनोमीटर प्रक्रियेसाठी योजलेली. चिप कुठे कापायची आणि कशी जोडायची, ही आखणी सी-डॅकची. एकूण 96 कोअर. डावीकडे 48 चा एक तुकडा, आणि त्याला खेटून तेवढाच दुसरा.