चादरीच्या गठ्ठ्यावरची डिजिटल सही

दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. जॅकार्डचा माग चालू आहे. पंचकार्डांची साखळी वर सरकते आहे.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरीही परगावच्या बाजारात ‘सोलापुरी’ या नावाखाली काय काय खपतं, ते इथल्या कारखानदारांना चांगलं ठाऊक आहे. लेबल कुणीही छापून घेतं. डिजिटल सही मात्र ज्याच्याकडे किल्ली, म्हणजे संगणकाने बनवलेला गुप्त आकडा आहे, त्यालाच करता येते.

समजा, कारखानदारांच्या एका संघाला प्रत्येक गठ्ठ्यासोबत पडताळता येणारं डिजिटल प्रमाणपत्र द्यायचं आहे. त्यासाठी सर्व्हर आधी लागत नाही. साधा संगणक, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि डिडकिट हे मुक्तस्रोत साधन एवढ्यावर सुरुवात होते.

दृश्य: कारखान्याचं ऑफिस. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.

पहिली आज्ञा किल्ली बनवते. ‘डिडकिट की जनरेट ईडी२५५१९’ (शेवटचा शब्द किल्लीचा प्रकार), पुढे ‘मोठं’चं चिन्ह (>), म्हणजे ‘उत्तर फाइलमध्ये लिही’, आणि फाइलचं नाव. जुन्या आवृत्तीत आज्ञा थोडी वेगळी आहे, म्हणून आधी हेल्प बघावी. फाइल उघडली की एकच ओळ दिसते. तिच्यात ‘एक्स’ आणि ‘डी’ अशी दोन नावं, प्रत्येकापुढे ४३ अक्षरं. एक्स जगाला दाखवायचा. डी म्हणजे संघाचा शिक्का, तो कुणालाही द्यायचा नाही. लगेच ‘सीएचमॉड ६००’ करून फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी ठेवावी.

इथे एक चूक फार महाग पडते. तीच आज्ञा चुकून पुन्हा चालवली, तर ‘मोठं’चं चिन्ह जुन्या फाइलवर नवी किल्ली लिहून मोकळं होतं, काही विचारतही नाही. जुनी प्रमाणपत्रं तपासता येतात, पण त्या ओळखीने नवीन सही पुन्हा कधीच होत नाही. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आधी ‘सेट उणे ओ नोक्लॉबर’ लिहिलं की हा अपघात टळतो. किल्लीच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर, दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात.

किल्लीपासून संघाची डिजिटल ओळख तयार होते, तिलाच डीआयडी म्हणतात. ‘की’ पद्धतीत सार्वजनिक किल्लीच, म्हणजे तो ‘एक्स’, ओळखीच्या नावात असते, त्यामुळे किल्ली बदलली की ओळखही बदलते. संघाची स्वतःची वेबसाइट असेल तर ‘वेब’ पद्धत बरी. तिच्यात ‘वेल-नोन’ फोल्डरमध्ये ‘डिड डॉट जेसन’ ही फाइल ठेवायची आणि पुढे किल्ली बदलता येते. त्या फाइलमध्ये घाईत गुप्त ‘डी’सकट अख्खी किल्ली चिकटवली, तर संघाची सही गावभर झाली. फाइल पुसून भागत नाही, किल्लीच नवी करावी लागते.

आता प्रमाणपत्राचा मजकूर. लॉट नंबर, नगांची संख्या, आकार, प्रत (म्हणजे दर्जा). ‘इश्यूअर’, म्हणजे प्रमाणपत्र देणारा, या रकान्यापुढे हीच ओळख हवी. प्रमाणपत्र लागू होण्याची वेळ लिहिताना शेवटी झेड टाकलं, तर ती जागतिक वेळ ठरते. सकाळी नऊ वाजता नऊ लिहून झेड लावलं, की इथल्या दुपारी अडीचपर्यंत ते प्रमाणपत्र उद्याच्या तारखेच्या चेकसारखं! झेडऐवजी ‘अधिक ०५:३०’ लिहावं.

दृश्य: पडद्यावर ‘दुसऱ्या प्रतीचा’ हे शब्द मोठे दिसतात.

या ‘दुसऱ्या’तला ऱ दोन तऱ्हेने साठवता येतो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. सहीनंतर एखाद्या सॉफ्टवेअरने एकाचं दुसरं केलं, तर तपासणी नापास होते आणि का, ते दिवसभर सापडत नाही. सहीआधीच सगळा मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणावा. दोन रकान्यांमधली मोकळी जागा किंवा ओळींचा क्रम बदलला तर मात्र या प्रकारच्या सहीला धक्का लागत नाही.

याहून गंभीर गोष्ट ‘कॉन्टेक्स्ट’ची, म्हणजे रकान्यांच्या नावांचे अर्थ सांगणाऱ्या यादीची. ‘लॉट नंबर’ या शब्दाचा अर्थ कॉन्टेक्स्टमध्ये सांगितला नसेल, तर काही साधनं थांबतात, काही तो रकाना गुपचूप गाळून सही करतात. मग नंतर लॉट बदलला तरी सही बरोबरच दाखवते. म्हणून प्रत्येक रकाना मुद्दाम बदलून पाहावा. १०० नगांचे १००० करा, लॉट बदला, प्रत बदला. दर वेळी तपासणी नापास झालीच पाहिजे.

सही ‘व्हीसी-इश्यू-क्रेडेन्शियल’ने होते, तपासणी ‘व्हीसी-व्हेरिफाय-क्रेडेन्शियल’ने. उत्तरात ‘चेक्स’मध्ये ‘प्रूफ’ आणि ‘एरर्स’ रिकामं, एवढं दिसायला हवं. प्रमाणपत्र रद्द करायची सोय वेगळी असते. तिच्या यादीत किमान १,३१,०७२ बिट्स असतात, म्हणजे १६ किलोबाइट, आणि प्रत्येक प्रमाणपत्राला त्यातली एक जागा.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे कायदेशीर डिजिटल सहीसाठी परवानाधारक प्रमाणन संस्था लागते. ही सही त्याची जागा घेत नाही.

दृश्य: ट्रकमध्ये गठ्ठे चढत आहेत. एका गठ्ठ्यावर क्यूआर कोड.

तपासणी पास झाली, म्हणजे या ओळखीने सही केली, एवढंच कळतं. ही ओळख सोलापूरच्या संघाचीच, हे प्रमाणपत्र स्वतः सांगू शकत नाही. ‘सोलापूर’ नाव टाकून कुणीही दोन मिनिटांत नवी ओळख बनवेल. म्हणून संघाने आपला डीआयडी बिलबुकावर आणि ऑफिसच्या पाटीवर छापावा, आणि घेणाऱ्याने प्रमाणपत्रावरचा डीआयडी त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवून मगच गठ्ठा उतरवून घ्यावा.