वायू कमी झाला म्हणजे?

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडे विहीर खोदताना काळा पाषाण फुटला की कधी कधी खाली भोकाभोकांचा मांजऱ्या खडक लागतो. ती भोकं वायूंची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्यातून निसटताना अडकलेल्या बुडबुड्यांच्या या जागा. तेव्हा किती वायू बाहेर पडला, हे आता अंदाजानेच सांगायचं. जिवंत ज्वालामुखीचा वायू मात्र मोजता येतो.

मोजतात तो मुख्यतः सल्फर डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड हवेत आधीच भरपूर. सल्फर डायऑक्साइड मात्र जवळजवळ नसतोच. परळीसारखी कोळशाची चिमणी शेजारी नसेल, तर सापडला तो डोंगराचाच! काही किलोमीटरवर एक छोटी पेटी बसवतात. ती आकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळते. हा वायू उन्हातले अतिनील किरण शोषतो. ते किती कमी पोचले, यावरून वर वायू किती ते कळतं. त्याला वाऱ्याच्या वेगाची जोड दिली की दिवसाचे टन निघतात. हिशेब चुकतो तो बहुधा वाऱ्यापाशीच. आणि दिवसाचा उजेड नाही, तर मोजणी नाही. दुसरी पेटी थेट ज्वालामुखीच्या तोंडाशी ठेवतात. ती हवा ओढून वायूंचं आपसातलं प्रमाण काढते, पण आम्लाच्या वाफा तिला लवकर खातात.

आता आकडा कसा वाचायचा? फिलिपिन्समधल्या पिनाटुबोवर १३ मे १९९१ला दिवसाला सुमारे ५०० टन वायू निघत होता. २८ मेला ५,००० टनांच्या वर. मग तो एकदम घसरला. आपण म्हणालो असतो, चला, विझत आलं. तिथल्या शास्त्रज्ञांना शंका आली ती वाट बुजल्याची, वायू आत कोंडल्याची. भूकंपही वाढत होते. हजारो लोक हलवले गेले. १५ जूनला डोंगर फुटला आणि दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला.

कोलंबियातल्या गालेरास ज्वालामुखीवर आकडा तसा वाचला गेला नाही. वायू कमी, भूकंप थोडेच, म्हणून शास्त्रज्ञ पाहणीला वर गेले. १४ जानेवारी १९९३ला स्फोट झाला. नऊ जण गेले, त्यांत सहा शास्त्रज्ञ. आधी भूकंपयंत्रावर मळसूत्रासारखे, हळूहळू विरणारे मोजकेच कंप उमटले होते. पुढच्या स्फोटांआधीही तेच दिसले, तेव्हा त्यांचा अर्थ लागला.