सहा महिने गप्प बसलेलं अक्षर

मित्रहो, डीएनए शिकवताना आपण मुलांना आधी तो पीळदार जिना काढून दाखवतो. मी आज एका बाळापासून सुरुवात करतो. नंदुरबारला किंवा गडचिरोलीला असं बाळ तुम्हाला भेटेल. जन्मतं तेव्हा ठणठणीत असतं. पाच-सहा महिने अंगावर पितं, बाळसं धरतं. मग हळूहळू फिकं पडतं, एक दिवस हातापायांचे पंजे सुजतात आणि ते कळवळून रडायला लागतं. तपासणीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार निघतो.

घरचे विचारतात, "इतके दिवस चांगलं होतं की, मग आत्ताच काय झालं?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो नीट सोडवला तर जनुकशास्त्राचा बराचसा पाया समजतो.

दोष आहे अकराव्या गुणसूत्रावर, बीटा ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका साखळीच्या जनुकात. डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. एसमोर टी आणि जीसमोर सी, ही जोडी ठरलेली. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन संच आपल्याला मिळतात, आणि एकेका संचात सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात. त्यातल्या एका ठिकाणी एच्या जागी टी आलाय, एवढंच.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएचे दोन धागे बॅगेची चेन उघडावी तसे सुटतात आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा बांधला जातो. म्हणून प्रत्येक नव्या प्रतीत एक धागा जुना, एक नवा. मेसेल्सन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये जिवाणूंवर जड नायट्रोजन वापरून हे दाखवून दिलं. नक्कल करणारं पॉलिमरेज हे विकर चुकीचं अक्षर लागलं तर मागं येऊन ते काढून टाकतं. मग सिकलसेलचं अक्षर का सुधारत नाही? कारण त्याला तिथं चूक दिसतच नाही. टीसमोर ए बसलाय, जोडी बरोबर आहे. कुठल्याशा पूर्वजात एकदा घडलेली चूक पिढ्यानुपिढ्या इमानेइतबारे उतरवली जाते. नक्कल चोख होते म्हणूनच हा आजार पुढं जातो. आणि आई-बापांपैकी एकाकडून हे अक्षर आणि दुसऱ्याकडूनही हेच अक्षर किंवा याच जनुकातला दुसरा एखादा दोष आला, तेव्हाच बाळाला सिकलसेल आजार होतो. एकट्या सुनेला बोल लावणाऱ्या घरांत हे मी दर वेळी ठासून सांगतो.

आता वाचन. जनुकाची आरएनएमध्ये उतरवलेली प्रत केंद्रकाबाहेर येते. तिच्यात टीच्या जागी यू हे अक्षर असतं. रायबोसोम हा पेशीतला प्रथिनं घडवणारा कारागीर ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि एकेका तिकडीला एकेक अमिनो आम्ल प्रथिनाच्या माळेत ओवत जातो. सहाव्या जागी जीएजी असेल तर ग्लुटामिक आम्ल, जीयूजी असेल तर व्हॅलिन. १४६ मण्यांच्या माळेत हा एकच मणी बदलतो. व्हर्नन इनग्रॅम यांनी तो १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये हुडकला. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमतं, व्हॅलिन पाणी टाळतं. ऑक्सिजन सुटला की असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे दोरे वळले जातात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

विद्राव्यता चाचणीत हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. रसायनात रक्ताचा थेंब सोडायचा आणि नळीमागं रेघांचा कागद धरायचा. साध्या रक्तातून रेघा दिसतात. सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर पाणी गढूळतं आणि रेघा नाहीशा होतात. एकाच पालकाकडून हे अक्षर आलेल्या वाहकाचं रक्तही गढूळतं, म्हणून पुढं इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी, करावंच लागतं.

मग ते सुरुवातीचे महिने? अक्षर तर पहिल्या पेशीपासून होतं. बाळाच्या कातडीत, डोळ्यातही आहे, पण तिथं हे पान कुणी उघडत नाही. ते उघडतं तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत. तिथंही गर्भात असताना मुख्यतः शेजारचं गॅमा जनुक वाचलं जातं. त्यापासून बनणारं गर्भाचं हिमोग्लोबिन आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेतं, आणि सिकलचे दोरे वळू देत नाही. जन्मानंतर गॅमा मिटत जातं, बीटा पुढं येतं, आणि मग बाळाचे पंजे सुजतात.

गॅमा मिटवण्यात बीसीएल११ए या प्रथिनाचा मोठा हात आहे. मिटलेलं जनुक जागेवर शाबूतच असतं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्य केलेल्या कॅसजेव्ही उपचारात रुग्णाच्याच रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढतात आणि बीसीएल११एचं जनुक तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत चालू ठेवणारा तुकडा क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या कात्रीने कापतात. चुकलेल्या अक्षराला हातही लावत नाहीत. ते तिथंच राहतं, आणि शेजारचं गॅमा पुन्हा वाचलं जायला लागतं.