मॉन्टेरेचा उपसागर : परत आलेल्यांचं पाणी

[धक्का. सकाळचं धुकं.]

कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे. महिना ऑगस्टचा, तरी बोटीवरचे सगळे जाकिटं घालून कठड्याला टेकलेत. बंदर अजून मागे पडलेलं नाही आणि पाहण्यासारखं सुरूही झालंय. लाटा अडवणाऱ्या दगडी बांधावर सी-लायन या सीलसारख्या प्राण्यांची झुंबड आहे. पलीकडे, केल्प या उंच समुद्री शेवाळाच्या रानात, एक सागरी पाणमांजर उताणं तरंगतंय. पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपला आपटतंय.

त्याची दाट, मऊ फर त्याच्या जिवावर उठली होती. व्यापाऱ्यांनी इतकी शिकार केली की कॅलिफोर्नियातून ही जात संपली, असंच लोक धरून चालले होते. १९३८ मध्ये मॉन्टेरेच्या दक्षिणेला, बिग सरच्या किनाऱ्यावर, बिक्सबी ओढ्याच्या मुखाशी, पन्नासेक पाणमांजरं दिसली. समोरचं हे त्यांच्याच वंशातलं.

[उघडा समुद्र.]

उपसागराच्या काठावरच्या मॉस लँडिंग बंदराच्या तोंडापासूनच समुद्राखाली एक अजस्र घळ सुरू होते. पुढे ती तीन किलोमीटरहून खोल जाते. वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो, आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंडगार, पोषक पाणी वर येतं. त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म जीवसृष्टी, माजतं. प्लवकावर क्रिल पोसतात, दिसायला थेट आपल्या जवळ्यासारखे. शिवाय अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातले मासे. बाकीचे सगळे यांच्या मागावर.

न्यूझीलंड-चिलीकडून आलेले काळपट शिअरवॉटर पक्षी पाण्याला पंख टेकवत निघालेत. एक मोला, म्हणजे थाळीसारखा चपटा, अवाढव्य मासा, आडवा पडून ऊन खातोय. मग रिसो डॉल्फिन. त्यांच्या अंगावरचे पांढरे ओरखडे नीट पाहा: काही एकमेकांच्या दातांचे, काही म्हाकुलांशी झालेल्या झटापटीतले.

"दोन वाजताच्या दिशेला!" कप्तान ओरडतो. बोटीवर दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात.

[फवारा. पाठोपाठ आणखी दोन.]

हम्पबॅक देवमासे! हिवाळ्यात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या उबदार पाण्यात पिल्लं देणारे, इथे येतात ते पोट भरायला. अँकोव्हींचा थवा खालून वर रेटला जातो, पाणी उकळल्यासारखं होतं, आणि जबडे वासून तिघं एकदम वर येतात. गळ्याच्या वळ्या फुगतात. त्याच थव्यात सी-लायन घुसलेत, वरून पेलिकन सूर मारतायत. श्वासाचा उग्र, माशाळ वास बोटीपर्यंत येतो. कप्तान अंतर राखून इंजिन न्यूट्रलला आणतो. जवळ यायचं की नाही, ते देवमाशांनी ठरवायचं.

मॉन्टेरे गावात देवमाशांच्या शिकाऱ्यांचं जुनं ठाणं अजून उभं आहे. १८५० च्या दशकात इथून होड्या सुटायच्या. त्या घरासमोरच्या पायवाटेत देवमाशांची हाडं बसवलेली आहेत; लोक त्यांवरून चालत जातात. उत्तर पॅसिफिकमध्ये हम्पबॅकच्या शिकारीवर १९६६ मध्ये बंदी आली, तेव्हा हजार-दीड हजारच उरले असावेत असा अंदाज आहे. २००६ पर्यंत ते वीस हजारांच्या घरात गेले. बंदीनं काय होतं, असं कुणी विचारलं तर त्याला या बोटीवर आणावं.

[शेपटी. तिच्यावर दोरीचा जुना व्रण.]

हा व्रण मात्र आजच्या काळातला आहे. खेकड्यांच्या सापळ्यांचे दोर उभे पाण्यात असतात आणि देवमासे त्यांत अडकतात. म्हणून अलीकडे, देवमासे किनाऱ्याजवळ असले, तर कॅलिफोर्निया राज्य खेकड्यांचा हंगाम पुढे ढकलतं. मच्छीमारांचे आठवडे बुडतात, तरी होड्या धक्क्यालाच थांबतात.